एक इंच मागं सरलेलं चाक

थापा मारण्यात मी कधीच हुशार नव्हतो. नोकरीत एकच थाप नेटानं मारली आणि तिनं मला आठ दिवस धड जेवू दिलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी साताऱ्यातल्या एका डॉक्टरांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. मोटार जुनी, कापडी टपाची, पण डॉक्टरांचा तिच्यावर जीव. दर मंगळवारी ते कऱ्हाडवरून सांगलीला रोगी तपासायला जात. अशाच एका मंगळवारी सांगलीच्या अलीकडं मागच्या उजव्या चाकावरच्या स्प्रिंगचा मोठा पाटा तुटला. तुटला तो नेमका भोकाशी. त्या भोकातून जो बोल्ट जातो, त्याच्यावरच मागचा आस आपली जागा धरून राहतो. नवा पाटा मिळायचं नाव नको, लढाईपायी मोटारींचे सुटे भाग बाजारातून गायबच झाले होते. सांगलीत टांग्यांच्या स्प्रिंगा घडवणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांचा हात चोख, हे मला ठाऊक होतं. दोन्ही तुकडे घेऊन मी त्यांच्याकडं गेलो. दिवस मावळायच्या आत त्यांनी नवा पाटा घडवून दिला, मी तो बसवला आणि आम्ही घरी आलो.

त्याच आठवड्यात माझी आई आमच्याकडं आली होती. तिचा पाय सुजलेला. परत गावी जायचं तर कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार, तीही माणसांनी खचाखच भरलेली. डॉक्टर दोन दिवस पुण्याला गेले होते आणि किल्ली माझ्याकडं होती. पेट्रोल रेशनवर, तेही रोग्यांसाठी मिळालेलं, हे कळत असूनही मी आईला मोटारीत बसवलं.

"डॉक्टरास्नी इचारलंस न्हवं?" आईनं विचारलं.

"सांगतो की आल्यावर," मी म्हणालो.

फलटणच्या अंगाला आमचं गाव. गावाच्या वाटेवर समोरून उसाची गाडी आली. मी ऐटीत मोटार बाजूला घेतली आणि मागचं उजवं चाक धाडकन पाण्याच्या चारीत गेलं. शेतातल्या चार गड्यांनी मोटार उचलून वाटेवर ठेवली. बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. मी परत येऊन मोटार धुतली आणि डॉक्टर आल्यावर गप्प बसलो. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दिवस गेले.

सोमवारी दवाखान्यापुढच्या टांगेवाल्यानं सगळ्यांदेखत हाक दिली, "आवं डॉक्टर, तुमची मोटार खेकड्यागत तिरकी चालतीया!"

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी मला धुळीतून मोटार पुढं न्यायला लावली आणि चाकोऱ्या बघितल्या. पुढच्या चाकांच्या दोन रेघा आणि मागच्या चाकांच्या त्यांच्या शेजारी आणखी दोन. मागचं उजवं टायर एका बाजूनं खरवडायला लागलं होतं, आणि त्या काळात टायर म्हणजे सोन्यासारखं जपायची वस्तू.

"कुठं आपटली का रे?"

"न्हाई साहेब." मी इतक्या चटकन म्हणालो की माझं मलाच ते खोटं वाटलं.

डॉक्टरांनी खरवडलेल्या टायरवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ठीक आहे. या मंगळवारी आणि पुढच्या मंगळवारी सांगली होऊ दे. मग मोटार पुण्याला पाठवू. ते आस उघडून बघतील. आपटून वाकला असेल तर लपणार नाही. गाडी तिरकी चालली तर मी सांभाळून घेईन, पण खोटं बोलणारा ड्रायव्हर मला नको."

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या वाटेवर त्यांनी नेहमीसारखी मागून मूठ पुढं केली. भाजलेल्या शेंगा होत्या. रोगी त्यांना असलं काहीबाही आणून देत. मी त्या कशाबशा गिळल्या. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण याच माणसानं मला शिकवून माणसात आणलं होतं आणि त्यालाच मी फसवलं होतं. त्याची मला जास्त लाज वाटत होती.

रविवारी मोटार तपासतो म्हणून मी ती घरी आणली. बायकोनं अंगण नुकतंच सारवलेलं. शेजारच्या गवंड्याचा ओळंबा मागून आणला, चारही चाकांच्या मध्यावरून तो खाली सोडला आणि जमिनीवर चुन्याचे ठिपके दिले.

"रांगोळी काढताय व्हय?" बायकोनं विचारलं. मी तिच्यावर खेकसलो. माझी अशीच खोड, चूक माझी असली की राग दुसऱ्यावर.

डाव्या बाजूच्या दोन ठिपक्यांमध्ये दोरी ताणली, गाठ मारली आणि तीच दोरी उजवीकडं धरली. एक इंच कमी पडली. म्हणजे उजवं मागचं चाक इंचभर मागं होतं, चारीत गेलेलं तेच चाक. आता आस वाकलेलाच निघणार, असं धरून मी मोटारीखाली शिरलो आणि आसाला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी लावली. आस सरळ होता! पुन्हा लावली. सरळच.

मग शिंप्याची टेप आणून स्प्रिंगा मोजल्या. डाव्या स्प्रिंगचा बोल्ट पुढच्या टोकापासून पंचवीस इंचांवर आणि मागच्या टोकापासून सत्तावीस. उजवीकडं, नव्या पाट्यावर, सव्वीस आणि सव्वीस. मिस्त्रींनी भोक बरोबर मधोमध पाडलं होतं. टांग्याच्या पाट्याला ते मधोमधच लागतं, पण आमच्या मोटारीचं मुळातच एक इंच पुढं होतं. मी मोटारीखाली पडल्या पडल्या मोठ्यानं हसलो. बायको घाबरून वाकून बघायला लागली. तिला म्हणालो, "तुझी रांगोळी बेस हाय!"

मापं मी डॉक्टरांना सांगितली होती, म्हणून मंगळवारी सांगलीला गेल्यावर त्यांनी आधी मोटार मिस्त्रींकडं घ्यायला सांगितली. मी टेप लावून दाखवलं. म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला.

"आवं, तुमच्या तुकड्यांत एक लांब, एक आखूड व्हता," ते म्हणाले. "मला वाटलं, मोटार करनाऱ्याची नजर चुकली. म्हनलं, आपल्या हातनं जातंय तर सरळ करून देऊ. चाळीस वर्सं भोक मधीच पाडतोय मी."

डॉक्टर हसले. "मिस्त्री, गोऱ्या साहेबाची चूक काढणारा माणूस आमच्या साताऱ्यात पाहिजे होता."

म्हाताऱ्यांनी जुन्या लॉरीचा पाटा भट्टीत घातला आणि दुपारपर्यंत दुसरा घडवला. भोक पाडायच्या आधी डाव्या बाजूचं माप त्यांनी स्वतः तीनदा घेतलं. आधीच्याच पाट्याला इंचभर पुढं दुसरं भोक पाडलं तर चालेल का म्हणून मी विचारलं होतं, तर माझ्यावरच डाफरले, "दोन भोकं जवळ आली की पाटा तिथंच मोडतोय."

पाटा बसवल्यावर मी मोटार नदीकाठच्या धुळीत नेली, शंभर पावलं चालवली आणि उतरलो. मागं दोनच रेघा होत्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आता पुणं नाही, चौकशी नाही, आणि त्या चारीचं नाव कुणी काढणार नाही.

डॉक्टर चालत आले. त्यांनी त्या रेघा बघितल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोष पाट्याचा निघाला. तू आपटली नव्हतीस."

एवढं ऐकून गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण तो हात मला सोसेना. "साहेब, आपटली व्हती," मी म्हणालो, आणि आई, पेट्रोल, उसाची गाडी, चारी, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी खिशातून किल्ली काढून पुढं धरली.

डॉक्टरांनी किल्ली घेतली नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"तुझी आई पाय दाखवायला आली होती. तुम्ही चारीत गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी," ते म्हणाले. "मोटारीबद्दल हात जोडून गेली. चारीचंही सांगितलं. हा शेंगांचा वानवळा तिचाच. गेल्या मंगळवारी तूही खाल्ल्यास, आणि तरी बोलला नाहीस. मी वाट बघत होतो."

मी शेंग फोडली. आमच्याच शेतातली होती.