धोंड्याचा महिना मोजायचा नसतो

मी आज जी काही आहे ती माझ्या अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि अक्काचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सावद्याजवळच्या आपल्या सासरी ती मला घेऊन गेली. "ही किती दिवस राहणार?" असं सासूने विचारलं, तर म्हणाली, "शिकून होईपर्यंत." ती स्वतः सातवी. ती कापूस वेचायला जायची आणि मी शाळेत. पुढे धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजला माझा नंबर लागला तेव्हा एस.टी.ने सोडायला तीच आली. होस्टेलच्या मॅडमना तिने एवढंच सांगितलं, "ही रडली तर रडू द्या, घरी धाडू नका." माहेर आणि सासर धरून आमच्यात पहिली पदवीधर मी. हे आधी सांगून ठेवते, कारण यापुढे तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वैतागूनच लिहिणार आहे.

जळगावला लेबर रूममध्ये नोकरीला लागून मला बारा वर्षं होत आली. माझं निम्मं काम बाळंतपणाचं आणि निम्मं तारीख शोधण्याचं. "शेवटची पाळी कधी आली?" या प्रश्नाला तारीख असं उत्तर मला क्वचितच मिळतं. "पोळ्याच्या आदल्या दिवशी." "कानबाईचे रोट झाले ना, त्यानंतर." "दिराच्या हळदीला." मग दिराची हळद कधी होती ते मी शोधायचं. सोबतच्या सासूला विचारावं तर ती म्हणते, "तुम्ही शिकेल बाया, तुम्हीच सांगा." कार्ड आणलं का म्हटलं की घरी. हरवू नये म्हणून कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट सांभाळून ठेवलेलं असतं, म्हणजे पोटातलं बाळ आमच्या टेबलावर आणि त्याचा सगळा हिशोब पंचवीस कोसांवरच्या कपाटात. मी ओरडते. माझं ओरडणं वॉर्डात प्रसिद्ध आहे.

घरी आलं की दुसरी ड्यूटी सुरू होते. नात्यातल्या कोणाचीही सून, सुनेची बहीण, त्या बहिणीची शेजारीण, सगळ्यांना माझा नंबर पाठ. भाजी फोडणीला टाकलेली, मुलगा गणिताची वही घेऊन समोर, आणि कानाला फोन. पायाला सूज आहे, काय करायचं? मी म्हणते, आजच दवाखान्यात जाऊन बीपी बघा. पलीकडून येतं, "बरं ताई. पण आमच्याकडची म्हातारी म्हणते, मुलगा असला की सूज येते." मी फोन आपटते. माझा नवरा शांतपणे ताट वाढून घेत म्हणतो, "तू सांगत जा, ते म्हातारीचं ऐकत जातील. दोघींचाही मान राहतो."

मला वाटायचं, निदान अक्काच्या घरी असं होणार नाही.

ज्या वर्षी श्रावण अधिक आला होता त्या वर्षीची गोष्ट. अक्काच्या तीन मुलांतल्या एकुलत्या एक मुलीचं लग्न होऊन ती धुळ्याकडच्या एका गावात नांदत होती. ती माझी भाची, माझ्याच मांडीवर वाढलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली होती, मीही गेले होते. पुढे तिला दिवस राहिल्याचं कळलं. धोंड्याच्या महिन्यात अक्काने जावयाला बोलावलं, पुरणाचे धोंडे केले, वाण दिलं. तेव्हा भाचीला उलट्या चालू होत्या, आणि जावई तिच्याही वाटचे धोंडे खात होता. दिवाळीनंतर ओटी भरून ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. फाईल सासरी राहिली. अक्काने तिला गावाजवळच्या दवाखान्यात एकदा नेलं, त्यांनी फाईल आणा म्हणून सांगितलं, आणि ती फाईल येता येता राहूनच गेली.

संक्रांतीला तिळगूळ घ्या म्हणायला मी फोन केला. विचारलं, "कितवा चालू आहे?" अक्का म्हणाली, "आठ झाले. नववा लागला. माघात मोकळी होईल." मी म्हटलं, बरं, मग पंधरा-वीस दिवसांनी तिला जळगावला माझ्याकडे पाठव. एरवी तारीख विचारल्याशिवाय मी पुढचा शब्द बोलत नाही. त्या दिवशी विचारली नाही, कारण सांगणारी अक्का होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारी ड्यूटी संपता संपता भाचीचा फोन आला. सहज केलेला. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, बाळ कालपासून झोपलेलंच असतं. आई म्हणते, दिवस भरत आले की शांत होतं."

माझ्या तोंडून सवयीने प्रश्न गेला. "शेवटची पाळी कधी आली होती?"

"आखाजीला. तुला आठवत नाही? घागर पुजायच्या वेळी मी बाजूला बसले होते. माझ्या ऐवजी तूच नाही का पुऱ्या तळल्या?"

तळल्या होत्या. टेबलावरचं कॅलेंडर ओढून मी आठवडे मोजले. एक्केचाळीस भरून वर दोन दिवस होत होते. पुन्हा मोजले, पेन्सिलने खुणा करून. तेवढेच. मी अक्काला फोन लावला.

"अक्का, तिचे दिवस भरून वर गेले."

"कुठी भरले?" आणि ती मोठ्याने मोजू लागली, "जेठ, आखाड, सावन, भादवा..." पौषावर येऊन थांबली. "आठ झाले. माघात नऊ भरतीन."

"सावन दोन होते ना!"

"एक धोंड्याचा होता. धोंड्याचा महिना मोजत नसतात. तो देवाचा."

"बाळाला काय माहीत तो कोणाचा?"

"तुले शिकवलं ते माले शिकवाले का?" असं म्हणून तिने फोन ठेवून दिला.

धोंड्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, सगळं मला मान्य आहे. पण त्या महिन्यात पोटातलं बाळसुद्धा वाढायचं थांबतं आणि निज श्रावण लागला की पुढे सुरू होतं, हे माझ्या बहिणीने मला, लेबर रूमच्या नर्सला, शांतपणे सांगावं! दिवस उलटलेल्या बाळाचं काय होऊ शकतं ते मी पाहिलेलं आहे. ते इथे लिहीत नाही. नवऱ्याने शेजाऱ्यांची गाडी मागून आणली, भुसावळच्या रहदारीला शिव्या देत आम्ही निघालो आणि चारच्या सुमारास पोहोचलो.

अक्का चुलीवर भरताची वांगी भाजत होती. मला बघून म्हणाली, "बस. भरीत होऊन राह्यलं. जेवून घे."

मी सरळ भाचीकडे गेले, तिला आडवं केलं आणि पोटाला फनेलसारखं नळकांडं लावून बाळाचे ठोके ऐकले. ठोके होते, पण मला हवे तसे नव्हते. मी भाचीला म्हटलं, "चप्पल घाल."

अक्का दारात येऊन उभी राहिली. "पौष सरू दे. चार दिवस राह्यले. आणि दवाखान्यात नेलं की ते पोटच फाडता. माही तिन्ही बायंतपनं याच घरात झाली."

मग आपल्या बाजूने कोणीतरी बोलावं म्हणून तिने मुलीच्या सासूला फोन लावला आणि स्पीकर मोठा केला. "विहीणबाई, तुम्हीच सांगा इले."

मी मध्येच ओरडले, "त्यांना म्हणावं फाईल काढा. सोनोग्राफीच्या कागदावर तारीख आहे!"

"फाईल आठेच शे," विहीणबाई आनंदाने म्हणाल्या, "कपाटमां, पिशवीमां घालीसन ठेयेल शे."

"मग वाचा ना तारीख!"

"माले वाचता येत नही. पोऱ्या वावरमां गयेल शे."

नवरा हसला. मला हसू आलं नाही. भाची एक पाय चपलेत घालून, आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत उभी होती. अक्का परत म्हणाली, "चार दिवसांनं काय होते?" आणि मी म्हणाले, "पुरे झाला तुझा अडाणीपणा, अक्का."

फोन चालूच होता. विहीणबाईंनी पलीकडून तो ठेवून दिला. अक्का आत गेली. तिने पिशवी भरली. जुनी लुगडी, टॉवेल, भाचीचं स्वेटर. पिशवी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. गाडीत बस म्हटलं तर म्हणाली, "मी अडानी. मी दवाखान्यात काय करू?" दाजी गाडीत बसले, ती आली नाही.

जळगावला पोहोचताच डॉक्टरांनी तपासलं. पाणी कमी झालेलं, आणि होतं ते हिरवं. बाळाने आतच शी केली होती. सिझर करावं लागलं. म्हणजे अक्का जे म्हणत होती ते खरं झालं, आणि आणखी चार दिवस थांबलो असतो तर काय झालं असतं ते तिला दाखवायची माझ्याकडे काही सोय नव्हती. मुलगी झाली. लगेच रडली नाही. नखं वाढलेली, हातापायांची कातडी सुटलेली, सुकल्यासारखी दिसत होती. सहा दिवस नवजात बालकांच्या कक्षात होती. मग दूध ओढायला लागली.

तिसऱ्या दिवशी अक्का डिंकाचे लाडू घेऊन आली. सगळ्यांशी बोलली. आयाबाईशी बोलली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलली. माझ्याशी नाही. मी समोर उभी असताना भाचीला म्हणाली, "तिले इचार, टाके कधी काढता." मी भाचीला म्हटलं, "सांग, आठव्या दिवशी." दोघींच्या मध्ये ती बिचारी खाटेवर पडून निरोप पोहोचवत राहिली. घरी गेल्यावरही तेच. मी फोन केला की अक्का तो भाचीकडे देई. स्वतःच्या फोनवर माझं नाव दिसलं तर उचलतच नसे. शेवटी मी पत्र लिहिलं. अक्काला वाचायला वेळ लागतो, म्हणून मुलाच्या दुरेघी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं.

अक्का,

पाया पडते. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे.

तुला अडाणी म्हणाले, तेही विहीणबाईंच्या कानावर जाईल असं. ते मी म्हणायला नको होतं. दुसऱ्या कोणी तुला तसं म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड धरलं असतं. तो शब्द मी मागे घेते. विहीणबाईंनाही फोन करून तसं सांगितलं आहे.

पण महिना मागे घेत नाही. तो मोजायचाच होता.

आणि एक सांगते, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. संक्रांतीला तू नववा लागला म्हणालीस तेव्हा मी तारीख विचारायला हवी होती. आखाजीला मी तुझ्याच घरी होते. पोर बाजूला बसली होती हे मला दिसत होतं. परक्या बायकांना मी याच गोष्टीवरून रोज ओरडते. तू सांगितलंस म्हणून मी मोजलं नाही. म्हणजे चूक तुझी एकटीची नाही. मी तर शिकलेली होते.

दोन-अडीच वर्षांनी परत धोंडा येईल. तेव्हा तुमच्या गल्लीत कोणाला दिवस गेले असतील तर तो महिना धरून मोजायला तू सांग. मी सांगितलं तर त्या हो म्हणतील आणि म्हातारीचं ऐकतील. आता तिथली म्हातारी तूच आहेस. राग मानू नकोस.

बाळाला घुटी देऊ नकोस, मधही चाटवू नकोस. हे तुला म्हणून सांगत नाही, सगळ्यांना सांगते. पोरीला लोहाच्या गोळ्या जेवणानंतर दे, चहाबरोबर नको. टाक्याला पाणी सुटलं किंवा लाल दिसलं तर त्याच दिवशी मला कळव.

भांडायचं असेल तर सरळ मला फोन करून भांड. पोरीच्या तोंडून निरोप पाठवू नकोस. ती दिवसभर बाळाला पाजते, मध्ये जरा डोळा लागतो तेवढ्यात आपण दोघी तिला उठवतो. तिला झोपू दे.

तुझी,
धाकटी