डासांची अंकलिपी

आमच्या चार वर्षांच्या मिनूला आकडे शिकवायचं काम बायकोनं माझ्यावर सोपवलं आणि मी डास मारायची बॅट उचलली. चट्ट! "एक!" चट्ट! "दोन!" ठिणग्या, जळका वास आणि पोरगी खूश. बघता बघता ती वीसपर्यंत पोचली. मी कॉलर ताठ करून फिरू लागलो.

"मास्तर आहेस खरा, पण खाटीकखान्यातला," बायको म्हणाली.

काल भिंतीवर मुंग्यांची रांग लागली होती. "या मोज बघू," मी म्हटलं. मिनू पुन्हा पुन्हा चुकली. मग वैतागून तिनं अंगठा उगारला. "बाबा, या हलतात! आधी मारते, मग मोजते."

मला हसवेना. सकाळच्या पेपरात मीही तेच वाचलं होतं. स्फोटात किती, चेंगराचेंगरीत किती. मेलेली माणसं गप्प पडून राहतात, म्हणून त्यांचा आकडा चोख लागतो. संध्याकाळी धडधाकट घरी परतलेल्यांना कोण मोजतं?

मी तिचा अंगठा मुठीत धरला. "हलू देत. चुकलो तर चुकलो," म्हणत मोजायला लागलो आणि सातावरच घोटाळलो.

"बाबा, तुला येतच नाही!" मिनूनं अंगठा सोडवून घेतला आणि भिंतीला बोट न टेकवता ती मोजू लागली.