गिरणीत मागं लोटलेला डबा

गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, लाइट जायच्या थोडं आधी, आमच्या गावात बांगड्या विकणाऱ्या चाचीवर अन्याय झाला. पिठाच्या गिरणीत तिचा गव्हाचा डबा रांगेतून मागं लोटण्यात आला. हसू नका.

पुसेगावच्या अलीकडं आमचं गाव. इथं गिरणीत माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. डबा ठेवायचा, कामाला जायचं, परत येऊन पीठ न्यायचं. आधी ज्वारीचे डबे, मग गव्हाचे. राखण कुणी करत नाही. या भरवशावर अख्खं गाव भाकरी खातं.

तो भरवसा मोडला कुणी? ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज सुविचार लिहिणाऱ्या गुरुजींनी. त्या सकाळी त्यांनी लिहिलं होतं, 'दुसऱ्याचा हक्क जपा.' मग हाताचा खडू झटकला, गिरणीत आले, चाचीचा डबा पायानं मागं लोटला, आपला पुढं ठेवला आणि चहाला गेले. मी समोर होतो.

चाचीचा नवा जावई दुपारी पहिल्यांदाच जेवायला येणार होता. लोडशेडिंगची लाइट गेली की गिरणी दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. आणि उसन्या पिठाच्या पोळ्या जावयाला वाढणारी ती बाई नव्हे.

मी पोत्यावर चढलो. मोर्च्यांत पत्रकं वाटून, घोषणा देऊन माझा आवाज तयार झालेला आहे. मुजोरी, ढोंग, कष्टकऱ्यांचा हक्क, सगळं काढलं. गिरणीवाले मामा म्हणाले, गिरणीचा पट्टा चालू असताना आवाज ऐकू येईल असा माणूस पहिल्यांदाच पाहिला. मला ती दाद वाटली. तेवढ्यात चाची आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, बात तुझी बराबर हाय," ती म्हणाली, "पण मंग डबा काहून अजून मागंच हाय?"

बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मी खाली उतरलो, डबा उचलला, पुढं ठेवला. एवढंच तर करायचं होतं.

गुरुजी परतले आणि आपल्या डब्याकडं बघत राहिले.

"ज्वारीवरचं पयलं दळण हाय, गुरुजी," चाची गोड आवाजात म्हणाली. "जात्यात उरलेली ज्वारी गव्हात येते. तुमच्या पोळ्या तुटू नये म्हणून तुमाला मागं घेतलं."

तिचा डबा गुरुजींनीच उचलून मामांच्या हातात दिला. तिचं दळण झालं आणि लाइट गेली. गुरुजींचे गहू तसेच राहिले. जावयानं त्या ज्वारी मिसळलेल्या पोळ्या मागून मागून खाल्ल्या, असं चाची अजून सांगते.

उद्या गुरुजींचा डबा सगळ्यांत मागं ठेवू, असं मी तिला सुचवलं, तर ती माझ्यावरच भडकली. म्हणाली, "न्हाई. नंबर त्यांचा हाय."

दुसऱ्या दिवशी गव्हाच्या डब्यांत पहिला डबा गुरुजींचाच होता. कुणी बोट लावलं नव्हतं. फलक मात्र कोरा होता. गुरुजींचा आजवरचा सगळ्यांत चांगला सुविचार मला तोच वाटतो.

आता तुमचं काम. रेशनच्या रांगेत असो, दवाखान्यात असो, तुमच्या डोळ्यांसमोर कुणाचा तरी नंबर मागं लोटला गेला आहे. कुणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. भाषण नंतर करा. आधी उठा आणि तो डबा पुढं ठेवा.