फाटकावरची खाजकुयली

पडघ्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की गोडाऊनची पत्र्याची छपरं सुरू होतात, आणि त्यांच्या मधोमध राहीबाईचं अर्ध्या एकराचं शेत अजून तग धरून आहे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, सातबारा तिच्या एकटीच्या नावावर. बाईचं तोंड फाटकं आणि हात त्याहून तिखट. तिच्या वाटेला जायची गावात कुणाची छाती नव्हती. गेला तो तिच्याच पोटचा हरेश.

बाई जगायची खाजकुयलीवर. कुंपणावर वेल चढवायची, शेंगा वाळवायची आणि बिया वज्रेश्वरीच्या जडीबुटीवाल्यांना विकायची. या वेलीच्या दोन जाती. दोन्हींची पानं तिहेरी, दोन्हींना जांभळ्या फुलांचे लोंबते घोस. फुलावरून ओळखीन म्हणणारा शहाणा मेलाच समजा! खरी ओळख शेंग धरल्यावर पटते. गोड्या जातीची शेंग जाड, राखाडी, अंगावर मऊ लव, खुशाल हात फिरवा. रानटीची शेंग बारीक, वाकडी, आणि तिच्यावर तपकिरी कुसळं. आडव्या उन्हात धरली की ती तांब्याच्या तारेसारखी चमकतात. नुसता धक्का लागला तरी झडतात, कातडीत घुसतात, आणि मग माणूस स्वतःलाच ओरबाडून रक्तबंबाळ करतो. म्हणून फाटकावर राहीबाई कायम गोडी लावायची, रानटी मागे नाल्याकडे.

हरेशला हे तिने लहानपणीच शिकवलं होतं. उत्तर चुकलं की थोबाडीत. पोरगं गालावर हात धरून म्हणायचं, "फाटकावरची गोडी, नाल्यावरची रानटी," आणि सुटका करून घ्यायचं. शेंगेकडे बघायचं कशाला, जागा पाठ होती की!

पुढे हरेश गोडाऊनमध्ये सुपरवायझर झाला, आणि जमिनीचा दलाल प्रितेश त्याच्या गळ्यात गळा घालून फिरू लागला. मग घरात एकच धोशा सुरू झाला, सही कर. राहीबाई म्हणाली, "माझ्या मढ्यावर बांध तुझं गोडाऊन." शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी हरेशने तिला अंगणात पाडली, कमरेत लाथ घातली आणि सहीसाठी हात असा पिरगाळला की दोन बोटं मोडली. तिनेही त्याच्या कानाचा लचका तोडला. गावाने तमाशा बघितला, सोडवायला कुणी आलं नाही. हरेश त्याच दिवशी टेमघरला खोली घेऊन निघून गेला.

बोटं वाकडीच जुळली. जून लागला तशी राहीबाईने फाटकावरची गोडी उपटून टाकली आणि तिथे रानटीचं बी टोचलं. टोचताना तिच्या डोळ्यांपुढे कोण होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

डिसेंबरात, सकाळी नऊच्या सुमाराला, जेसीबी घेऊन हरेश आणि प्रितेश आले. आधी शेत सपाट करायचं, म्हातारी मग आपोआप सही करील, असा प्रितेशचा हिशेब. राहीबाई कोयता घेऊन फाटकाच्या आत उभी राहिली. हरेशने फाटकाच्या वेल नसलेल्या बाजूने हात घालून तिच्या हातातला कोयता हिसकला आणि तिला ढकललं. बाई दगडावर आपटली, भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं.

जेसीबीवाल्याने वरून पाहिलं आणि ओरडला, "भाई, संभाल के! ये खुजलीवाली बेल है!"

"मेरे को मत सिखा," हरेश म्हणाला. "हमारा ही गेट है. ये मीठीवाली है, बचपन से देखता हूं."

फाटक मोकळं करायला त्याने बाह्या सरसावल्या. शेंगांवर ऊन तिरपं पडलं होतं आणि कुसळं चमकत होती. राहीबाईला एका डोळ्याने ते लख्ख दिसत होतं. एक शब्द पुरला असता. जिभेवर आलेला शब्द तिने गिळला.

हरेशने दोन्ही हातांनी वेल ओढली. तपकिरी धुरळा त्याच्या तोंडावर, गळ्यावर, उघड्या डोळ्यांत गेला. मग जो आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. तो मातीत लोळू लागला, गळ्याचं कातडं नखांनी सोलू लागला, दोन्ही मुठी डोळ्यांत चोळू लागला. प्रितेश गाडीत बसून काचा वर करून मोकळा झाला.

मग मात्र राहीबाई धावली. पोराच्या छातीवर बसली, त्याचे हात गुडघ्यांखाली दाबले. त्याने तिला चावा घेतला, तिने त्याच्या तोंडात हाणली. "चोळू नको! आंधळा होशील मेल्या!" ओरडत ती कुसळं निघावीत म्हणून त्याच्या गळ्यावर ओलं शेण थापत होती, तो सुटायला धडपडला की पुन्हा मारत होती, आणि रडत होती.

भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचे डोळे धुऊन पट्ट्या बांधल्या. एका डोळ्याचं सांगता येत नाही, म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर हरेशने विचारलं, "आये, ती रानटी व्हती, तुला म्हाईत व्हतं?"

"मीच लावली. तुझ्यासाठीच लावली. तू हात घातलास तवा मी बघत व्हते, नि गप ऱ्हायले." वाकड्या बोटांनी तिने त्याच्या पट्टीची गाठ नीट केली. "आई न्हाय ऱ्हायले मी तवा."

हरेशने चाचपडत खाटेची कड धरली. मग म्हणाला, "आता तरी देशील जमीन?"

"न्हाय," राहीबाई म्हणाली. "पर परत आलास तर आधी वरडून सांगीन, हात लावू नको म्हनून. मग कोयता घेईन."