लाल रेघेवरचा भाव

धनपाल मगदूमला सहा दिवस झोप नाही. आणि आज, नेमकं आज, त्रिशलावहिनी चार वाजता सही करायला यायच्या आहेत तर अडीचलाच आरामखुर्चीत त्याच्या पापण्या जड होतायत. झोप म्हणजे वसुलीवाल्यासारखी, माणूस घरात सापडेल तेव्हाच दार वाजवणार.

सही कसली, ते डोळा लागायच्या आत सांगून टाकू.

धनपाल घरपट्टी खात्यातून निवृत्त झालेला. दुसऱ्याच्या पावतीतली आठ आण्यांची चूक त्याला रस्त्याच्या पलीकडून दिसते. चार वर्षांपूर्वी त्याला थोरल्या भावाची चूक दिसली. आईच्या पाटल्या मोडून आलेल्या एक्केचाळीस हजार दोनशे रुपयांत भूपालदादानं नव्व्याण्णव साली वेदगंगा पंप कंपनीचे शंभर शेअर घेतले होते. भाव चारशे बारा. नाव दादाचं, हक्क दोघा भावांचा निम्मा निम्मा. पुढं दादाच्या लेकीच्या साखरपुड्यात धनपालला हुक्की आली. त्यानं मोबाइलवर कंपनीच्या जुन्या भावांचा आलेख काढला, खरेदीच्या तारखेवर बोट ठेवलं. भाव निघाला वीस रुपये साठ पैसे.

तोंडी हिशेबाला त्याला कधीच वेळ लागत नाही. दादा पेढ्यांचं ताट घेऊन व्याह्यांपुढं उभा होता. धनपालनं मोबाइल उंच धरला आणि भर मांडवात विचारलं, "दादा, शंभर शेअरचे झाले दोन हजार साठ. मग आईचे एकोणचाळीस हजार एकशे चाळीस कुठं गेले?"

चोर हा शब्द त्यानं वापरला नाही. गरज नव्हती. आकडा इतका नेमका असला की शब्द लागत नाही.

दादा एवढंच म्हणाला, "आलेखाच्या खाली टीप असते, ती वाच. न्हाईतर माझी वही बघ." दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन वही टेबलावर ठेवली आणि वर एक कागद: सगळे शेअर धनपालचे, माझा हक्क नाही. गेला तो परत पायरी चढला नाही. मागच्या वर्षी वारला. कपाटाचा एक पाय आखूड होता, वही त्याखाली बरोबर बसली. चार वर्षं कपाट हललेलं नाही.

आता नवऱ्याचा लेखी शब्द पाळायला वहिनी येतायत. सहा दिवसांपूर्वी त्यांनी खात्याचा उतारा पाठवला. त्यात शेअर होते दोन हजार. शंभराचे दोन हजार कसे, म्हणून धनपालनं पुन्हा आलेख उघडला आणि या वेळी चष्मा लावून तळाची बारीक टीप वाचली. कंपनीनं एक शेअर फोडून आधी पाच केले, मग फुकटच्या बोनस शेअरनं झाले दहा, पुन्हा बोनसनं वीस. म्हणून मागचे सगळे भाव त्या प्रमाणात भागून दाखवले आहेत. वीस साठ गुणिले वीस. चारशे बारा. पैशाचाही फरक नाही.

आज भाव सहाशे चाळीस आहे. गप्प बसला तर चार वाजता बारा लाख ऐंशी हजारांचा धनी. बोलला तर त्यातले निम्मे वहिनींचे, आणि ज्यांच्यासमोर भावाला उघडं पाडलं त्यांच्यासमोर आता स्वतः उघडा. सहा दिवस त्यानं दोन्ही बाजू मांडून बघितल्या. जुळत नाहीत. एका बाजूला दादा आहे आणि तो मेलेला आहे.

पंखा फिरतोय. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतंय. मग पंखा नाही, नुसती फडफड, आणि ती कागदांची आहे. वाचनालयातल्या उतरत्या टेबलावर वर्तमानपत्रं दांडीला लावलेली आहेत. भूपालदादा वाकून बाजारभावाचं पान बघतोय आणि लाल-निळ्या पेन्सिलीच्या निळ्या टोकानं वहीत आकडा उतरवतोय. आयुष्यभर गुळाच्या पेठेत दिवाणजी होता. पेठ सुटली की रोज इथं यायचा, कालचा भाव लिहायचा.

"बस की," दादा मान वर न करता म्हणतो.

"दादा, तू तर..."

"वाचनालयात हळू बोलावं. तू घरात बोलल्यासारखं मांडवात बोलतोस आणि मांडवात बोलल्यासारखं वाचनालयात."

धनपाल बसतो. खुर्ची त्याच्या घरातली आहे. त्याला विचारायचं एक असतं, तोंडातून येतं दुसरंच. "ही लाल रेघ कशाची?"

वहीच्या पानावर निळ्या आकड्यांच्या मधून आडवी, जाड, तांबडी रेघ गेलेली आहे.

"इथं एकाचे पाच झाले. रेघेच्या वरचं वरच्या मापानं वाचायचं, खालचं खालच्या." दादा पान उलटतो. आणखी एक रेघ. आणखी एक. "मोबाइलवाले वरचे आकडे भागून टाकतात, आलेख मध्येच कोसळल्यासारखा दिसू नये म्हणून. त्यांचं काय चुकलं? ते खाली लिहून ठेवतात. मला बाबा खोडायला जमत नाही. ज्या दिवशी जे दिलं ते दिलं."

"मी वाचली टीप."

"वाचलीस व्हय? कधी?"

"गेल्या सोमवारी."

दादा हसतो. हसणं वाईट नाही, तेच वाईट आहे.

टेबलाचा उतार मोडतो, सपाट होतो, तागडीचं पारडं होतो. चहूकडं गुळाचा वास. दादा एक पिवळी ढेप धनपालच्या मांडीवर ठेवतो. "चारशे बाराला घेतली. फोड."

धनपाल फोडतो. दोन्ही हात चिकट. खडे मोजतो, मोजायचं त्याला कुणी सांगावं लागत नाही. वीस.

"खड्याचा भाव सांग."

"वीस साठ."

"आणि ढेप मी कितीला घेतली म्हणालो होतो?"

धनपालला उत्तर येतंय. सहा दिवस तेवढंच येतंय. पण तोंड गुळानं भरलंय, जीभ टाळूला चिकटलीय, आणि दादा थांबलाय. घाई नाही. मेलेल्या माणसाला कसली घाई. धनपाल बोटांनी तोंडातला गूळ ओढून काढतो, तो संपत नाही.

खडे ताटात आहेत. ताट दादाच्या हातात. खडे नाहीत, पेढे. व्याही बसलेत, बायका बसल्यात, दादाची लेक हिरव्या शालूत मान खाली घालून बसलीय. धनपालच्या हातात मोबाइल आहे आणि हात आपोआप वर चाललाय.

"नको," तो म्हणतो. हात ऐकत नाही. दुसऱ्या हातानं तो मनगट धरतो, खाली ओढतो. तोंड दाबतो. तरी आकडा येतो. त्याच्या तोंडातून नाही, व्याह्यांच्या तोंडातून, मग बायकांच्या, मग सगळ्या मांडवाच्या, पाढा म्हटल्यासारखा: एकोणचाळीस हजार एकशे चाळीस.

"दादा!" तो ताटाच्या कडेला धरून खाली बसतो. "मोबाइलवाले मागं जाऊन भाव बदलतात ना? माझं ते एक वाक्य बदल. तेवढ्या तारखेचं. भाग त्याला कशानंही. वीसनं भाग, शंभरानं भाग!"

"भागून बघितलं की," दादा म्हणतो. "तीन वर्षं भागत होतो. रोज संध्याकाळी. लहानच झालं न्हाई ते."

"मग माफ तरी कर."

"माझं खातं बंद झालं, धना. तिथं आता काही जमा होत न्हाई." दादा मांडवाच्या दाराकडं बघतो. "ती येईल चार वाजता. सही करायची म्हणून येईल आणि पेन घरी विसरेल."

"मी काय करू? तू सांग. लहानपणापासनं तूच सांगितलंस."

"हात पुढं कर."

धनपाल तळवा पुढं करतो. दादा कानावरची पेन्सिल काढतो, उलटी करतो. लाल टोक. करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत तो सावकाश, दाबून रेघ ओढतो. दुखतं. शाळेत हातावर छडी बसायची तसं नाही, काटा काढताना दुखतं तसं.

"खोडतोयस काय?"

"खोडत न्हाई. वरचं हाय तसंच राहणार. खाली काय लिहायचं ते तू बघ."

पेठेत सौदा सुटल्याची घंटा वाजते. वाजतच राहते.

"अहो, उठा! बेल वाजतीय कधीची," सुलोचना, त्याची बायको, खांदा हलवतीय. "वहिनी आल्यात."

चार वाजलेत. पंखा फिरतोय. त्रिशलावहिनी समोरच्या खुर्चीत टेकल्यात, मांडीवर शेअर ट्रान्सफरचा कागद, हात पिशवीत तळापर्यंत.

"भाऊजी, पेन देता काय? मी मेलीनं आठवणीनं काढून ठेवलं आणि तिथंच विसरले."

पेन खिशात आहे. तो काढतो, हात पुढं करतो. वहिनी पेन घेत नाहीत. त्या त्याच्या तळव्याकडं बघतायत. धनपालही बघतो.

करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत जाड, तांबडी, मेणचट रेघ.

"ही त्यांची पेन्सिल," वहिनी हळू म्हणतात. "तुमच्याकडं कुठनं आली? शेवटची कांडी मीच त्यांच्या खिशात घातलेली. नेताना."

सुलोचना पुढं येते, पदरानं रेघ पुसायला बघते. "कशाला हात लावून बसला होतात?" धनपाल हात काढून घेतो.

तो उठतो. गुडघे टेकून कपाटाखाली हात घालतो आणि वही हिसकून काढतो. चार वर्षं न हललेलं कपाट एका बाजूला कलतं, आत भांडी घरंगळतात, दार आपसूक उघडतं. वहीवर पायाचा चौकोनी वळ उमटलेला आहे. मधलं पान उघडून तो वहिनींच्या मांडीवर ठेवतो, सहीच्या कागदावरच. तशीच रेघ. तिच्या वर, खरेदीच्या तारखेपुढं, दादाच्या निळ्या अक्षरात, चारशे बारा.

"सही करू नका," तो म्हणतो. "ह्यातले निम्मे तुमचे. दादानं एक पैसा..." पुढचं जमत नाही. गूळ नाही तोंडात, तरी जमत नाही. "आधी तुमच्या व्याह्यांना फोन लावा. आणि स्पीकरवर ठेवा."

वहिनी त्या निळ्या आकड्यावरून बोट फिरवतात. रडत नाहीत. "मला ठाऊक होतं, भाऊजी," त्या म्हणतात. "तुम्हाला कळावं म्हणून ते थांबले होते. फार थांबले."

त्या फोन लावतात. पलीकडं रिंग वाजतीय, एकदा, दोनदा, तीनदा. धनपाल कललेल्या कपाटापाशी जमिनीवरच बसलाय, तळवा उघडा धरून. मूठ मिटायचं त्याला धाडस होत नाही.