चौदा सागवानी खांब

क्लोटिल्डा गेली एकोणीस वर्षं मस्कतच्या एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. एका शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून ॲलिस्टर तिच्या अल् घुब्रातल्या फ्लॅटवर आला. तो इथे हॉटेलात नोकरीला, वसईतल्या तिच्याच गावचा, आणि गावच्या चर्च समितीचा मस्कतमधला माणूस.

"आंटी, नव्या चर्चचा प्लॅन तुम्हीच काढायचा. पूर्ण काँक्रीट."

"आणि जुनं?"

"खलास. वाळवीनं खाल्लंय. इंजिनिअरचा रिपोर्ट आलाय."

तिने रिपोर्ट वाचला. चौदाही खांब कुजलेत म्हणे. फोटो मात्र एकाच खांबाचा.

"हा माणूस आत तरी शिरला होता का रे?" तिचा आवाज चढला. "डिप्लोमाला असताना मी बारा दिवस ते चर्च मोजलंय. दगडी तळखड्यावर सागाचा खांब, त्यावर तुळई, वर कौलं. सांध्यांत एक खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलंय. गावच्या सुतारांनी एका उन्हाळ्यात उभारलं, बायकांनी डोक्यावरून कौलं वाहिली. नव्वद पावसाळे झेललेत त्यानं!"

तिथल्या तिथे तिने गावच्या लहू सुताराला व्हिडिओ कॉल लावला.

"लहूदादा, पटाशी घेऊन चर्चमध्ये जा आणि प्रत्येक खांबाला टोचून दाखवा."

बारा खांबांत पटाशी शिरेना. गळक्या पन्हळीखालचे दोन तेवढे पायाशी भुसभुशीत निघाले. मग लहू घुटमळला. "बाय, पुढचा मंडप परवाच पाडला. कोरीव फळ्या वीटभट्टीवर गेल्या."

क्लोटिल्डा ॲलिस्टरकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"हो, पण कामाला जागा..."

"आणि वर माझ्याकडे प्लॅन मागायला आलास? लाज नाही वाटली?"

तो उठून निघून गेला.

तिने कॉल रेकॉर्ड केला होता; तो व्हिडिओ तिने गावात घरोघरच्या फोनवर पाठवला. रविवारी मिस्सेनंतर लोकांनी समितीला चर्चच्या दारातच अडवलं. पाडकाम थांबलं. लहूने त्या दोन खांबांना खालून नवा साग जोडला. मंडप मात्र गेला तो गेलाच.

महिन्याभराने समितीचा फोन आला. सुट्टीत आलात की तुमचा सत्कार करू म्हणाले.

"आजोबा-पणजोबांची कारागिरी भट्टीत घातलीत," ती म्हणाली, "आणि आता मला शाल घालता? आधी त्या फळ्या कोणी उचलून दिल्या त्याचं नाव सांगा."

पलीकडच्यानं उलट सत्काराची तारीख विचारली. तिने फोन ठेवला.