मामाचे सहीवाले संगीतकार

आमच्या मामाचं चष्म्याचं दुकान होतं, आणि त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नसे. मैफलीला नेलं, तर वाद्यं जुळवून होईपर्यंत त्याची मान खांद्यावर पडलेली असे. तरीही दुकानाच्या भिंती त्यानं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत रचणाऱ्या मोठमोठ्या संगीतकारांच्या सहीवाल्या फोटोंनी भरून टाकल्या होत्या. परवाना लावायला म्हणून त्यानं एकदा जुनी चौकट विकत घेतली, तिच्यात असा एक फोटो निघाला. तेव्हा जे खूळ डोक्यात शिरलं, ते काही बाहेर यायला तयार नव्हतं.

नजर तपासायची झाली, की मामा अक्षरांचा तक्ता सोडून गिऱ्हाइकाला त्या सह्याच वाचायला लावी. त्या धडधाकट डोळ्यांनाही लागत नसत, त्यामुळे चष्म्यावाचून सहसा कुणी परत जात नसे.

फोटो मागवायची पत्रं मात्र मामी लिही, कारण मामाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. तो मजकूर सांगे, आणि मामी खाली एखादी ओळ आपल्या मनाची घाले.

एका दुपारी एक टकले आजोबा बायकोला घेऊन दुकानात आले. चष्म्याची दांडी मोडली होती. मामानं त्यांना बसवलं, नाव विचारलं आणि ते लिहून घेता घेता कौतुकानं म्हणाला, "तुमच्या नावाचे एक फार मोठे संगीतकार होऊन गेले."

"अजून जायचे आहेत," आजोबा म्हणाले.

मामानं वर पाहिलं. आजोबांच्या डोक्यावरच त्यांचा तरुणपणचा फोटो होता, दाट केसांचा आणि भरघोस दाढीचा. मामाच्या हातून पेन सुटलं. आजोबा वळून फोटो न्याहाळू लागले आणि सहज म्हणाले, "ही सही माझी नाही. हिची आहे."

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. यांना पत्रांचा भारी कंटाळा, मग स्वयंपाक उरकला की त्याच बसून सह्या ठोकायच्या, असं त्यांनी सांगून टाकलं.

मामाचा चेहरा पडला. मामी दुकानामागच्या घरातून म्हणाली, "अहो, मग फिटंफाट झाली. पत्र तरी तुम्ही कुठे लिहिलं होतं?"

बाई लगेच उठून आत गेल्या. फोटो मागणारे पुष्कळ, पण घरात दिवसभर पियानो बडवला जातो तेव्हा तुम्ही कुठे जाता, असं खाली संगीतकाराच्या बायकोला विचारणारं पत्र एकच आलं होतं, ते त्यांच्या चांगलं लक्षात होतं. मग दोघींच्या गप्पा अशा रंगल्या, की दांडी बसवून झाली तरी बाई उठेनात.

इकडे मामानं तो फोटो चौकटीतून काढला आणि आत जाऊन बाईंपुढे ठेवला. "आता तुमच्या नावानं करा."

त्यांनी सावकाश, सुवाच्य सही केली. आजोबांनीही खिशातून पेन काढलं, पण मामानं फोटोवर हात ठेवला. "राहू द्या. जागा नाही उरली."

आजोबा जाताना थोडे घुश्शातच होते.

मग मामानं उरलेल्या संगीतकारांना पत्रं धाडली, की तुमच्या सह्या नक्की कोण करतं? बरेचसे गप्प बसले. एकाचं सविस्तर उत्तर आलं: सह्या मी स्वतःच करतो, माझ्या सेक्रेटरीबाई साक्षीला आहेत. खाली दोघांच्याही सह्या होत्या, एकाच वळणाच्या.